पाचशे बारा बाइटांची पायरी

ऑपरेटिंग सिस्टीम आपल्याला लिहिता येईल का? पन्नाशीनंतर, भिगवणला घरी बसून, संगणकाची पदवी नसताना मी हा प्रश्न हाती घेतला. उत्तर ‘हो’ असे आहे. फक्त आरंभ फार लहान असावा लागतो.

जुन्या पद्धतीचा पीसी सुरू झाला, की बायॉस डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे 512 बाइट, मेमरीत आणतो आणि पुढचा कारभार त्याच्यावर सोपवतो. मात्र सेक्टरच्या शेवटी 55 आणि एए या दोन बाइटांची खूण हवी. मी ती विसरलो. तीन रात्री पडदा काळाच राहिला. नशीब, प्रयोग क्यूईएमयू या नकली संगणकात चालला होता.

खूण घातली आणि इंग्रजी ‘बी’ उमटला. ‘भ’ मात्र उमटेना. बायॉसच्या अक्षरसंचात देवनागरी नाही. तिचा आकार ठिपक्याठिपक्याने आपणच घडवावा लागतो. आपली लिपी यंत्रात आपोआप येत नाही, कुणीतरी ती बसवावी लागते, हे मला तेव्हा उमगले.

पुढचा क्रम असा: कीबोर्डची कळ ओळखणे, मेमरीची वाटणी, मग दोन कामे आळीपाळीने चालवणे. 1991 साली पुण्यात सी-डॅकने ‘परम 8000’ उभा केला. त्याला संस्था लागली. त्याच वर्षी हेलसिंकीत लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने घरच्या पीसीवर एका कामाकडून ‘ए’, दुसऱ्याकडून ‘बी’ छापून घेतले. लिनक्स तिथून वाढली.

माझा ‘भ’ आता उमटतो. जरा वाकडा आहे, पण माझा आहे.