नडगी दुखते आहे, तरी धावायचे का?

लष्करात अधिकारी व्हायचे म्हटले की घरात लेखी परीक्षेची आणि एसएसबीच्या पाच दिवसांची चर्चा होते. पायाच्या हाडाची चर्चा कोणी करत नाही. आणि नेमके हेच हाड कित्येक होतकरू मुलामुलींना ऐन तयारीत किंवा प्रशिक्षणाच्या मध्यावर अडवते. म्हणून या वेळी आम्ही त्याबद्दल लिहीत आहोत.

आपल्या अनेक घरांच्या भिंतीवर वर्दीतला एक फोटो असतो. 1941 साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्याच्या कितीतरी आधीपासून आपली माणसे फौजेत होती. बहुतेकांनी शिपाई, हवालदार, सुभेदार म्हणून नोकरी केली. आता त्यांची नातवंडे खडकवासल्याच्या एनडीएचे, डेहराडूनच्या आयएमएचे, चेन्नईच्या ओटीएचे अर्ज भरत आहेत. एनडीएत मुलींची पहिली तुकडी 2022 मध्ये दाखल झाली आणि मे 2025 मध्ये प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. वाट खुली आहे, पण ती पायांनीच चालायची आहे.

हाडाला तडा जातो कसा?

हाड ही जिवंत वस्तू आहे. त्याच्यावर नवा भार पडू लागला की शरीर आधी जुना थर काढून टाकते आणि मग तिथे नवा, मजबूत थर भरते. काढण्याचे काम काही आठवड्यांत होते, भरण्याला मात्र महिने लागतात. त्यामुळे धावणे एकदम वाढवले की तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास हाड काही काळ उलट कमकुवत असते. त्याच वेळी रोजची दौड, कवायत, पाठीवर ओझे चालूच राहिले तर बारीक तडा पडतो. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. 1855 साली प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या डॉक्टरांनी कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचे वर्णन केले होते. म्हणजे हे दुखणे सैन्याला फार जुने आहे. ते कोणाच्या कमजोरपणाची खूण नाही.

साधे दुखणे की तडा?

नडगीच्या आतल्या कडेला चार-सहा बोटे लांबीत दुखत असेल, दौड सुरू करताना जास्त आणि अंग गरम झाल्यावर कमी वाटत असेल, तर बहुधा ती शिन स्प्लिंट असते. वेळीच भार कमी केला तर ती बरी होते. पण एकाच जागी बोट ठेवून 'इथे' असे दाखवता येत असेल, धावताना दुखणे वाढतच जात असेल, चालताना किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर तडा गेल्याचा संशय धरावा.

इथे एक फसगत होते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये असा तडा बरेचदा दिसत नाही. 'एक्स-रे नॉर्मल आहे' म्हणून पोरगे दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर जाते. दुखणे तसेच राहिले तर डॉक्टरांकडे परत जावे. ते काही दिवसांनी पुन्हा एक्स-रे किंवा एमआरआय करायला सांगतील. खाजगीत एमआरआय महाग पडतो, म्हणून आधी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभागात चौकशी करावी.

जांघेत दुखत असेल तर एक दिवसही थांबू नये. मांडीच्या हाडाच्या मानेला गेलेला तडा सरकला तर शस्त्रक्रिया करावी लागते आणि खुबा कायमचा अधू होऊ शकतो.

विश्रांती म्हणजे तयारी बंद नव्हे

नडगीचा साधा तडा भरून यायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, जागा अवघड असेल तर जास्त. या काळात धावणे आणि उड्या पूर्ण बंद. डॉक्टरांनी परवानगी दिली तर पोहणे, सायकल, दंड-बैठकांपैकी दंड, पोटाचे व्यायाम, पुल-अप्स चालू ठेवता येतात. अभ्यासाला आणि गटचर्चेच्या सरावाला यापेक्षा चांगला वेळ मिळणार नाही. परतताना आधी न दुखता भरभर चालता आले पाहिजे, मग थोडे धावणे-थोडे चालणे, आणि दर आठवड्याला जरासेच वाढवणे.

वेदनाशामक गोळी खाऊन दौड करू नये. गोळीने दुखणे झाकले जाते, तडा वाढत राहतो. तंबाखू आणि गुटख्याने हाड भरायला वेळ लागतो, तो सोडावा. बूट झिजले असतील तर बदलावेत आणि डांबरी रस्त्यापेक्षा मातीचे मैदान धरावे.

पोटाकडेही बघा. वजन उतरवायचे म्हणून एक वेळ जेवून दहा किलोमीटर धावणारी मुले आम्ही पाहतो. उपाशी शरीर हाड बांधत नाही. नाचणीची भाकरी, दूध-दही, तीळ, अंडी, सुकट-बोंबील हे आपल्या घरातलेच अन्न कामाचे आहे. अमेरिकी नौदलात भरती झालेल्या पाच हजारांवर मुलींच्या पाहणीत, 2008 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व मिळालेल्या मुलींमध्ये असे तडे सुमारे 20 टक्के कमी आढळले. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. मुलींची पाळी सराव वाढल्यावर बंद झाली तर ते चांगले लक्षण समजू नये. अन्न कमी पडते आहे आणि हाडे झिजत आहेत, असा तो इशारा असतो.

लपवावे का?

नाही. वैद्यकीय तपासणीत जुनी शस्त्रक्रिया किंवा फ्रॅक्चर विचारले तर खरे सांगावे, कागद बरोबर न्यावेत. अपात्र ठरवले तर तो तात्पुरता निर्णय आहे की कायमचा आणि अपिलाची मुदत काय, हे तिथेच नीट समजून घ्यावे. मुदतीत अपील करून पुन्हा तपासणी करून घेता येते.

अकादमीतही तेच. सिक रिपोर्ट केला तर मित्र हसतील, सत्र हुकेल, ही भीती खरी आहे. फार दिवस बुडाले तर कॅडेटला मागच्या तुकडीत ठेवतात आणि सहा महिने जातात. पण सहा महिने उशिरा मिळालेला तारा आणि पहिल्या दिवशी मिळालेला तारा खांद्यावर सारखाच दिसतो. तडा घेऊन धावणाऱ्याचे मात्र सगळेच जाऊ शकते.

काहींचे गेलेही आहे. प्रशिक्षणात गंभीर दुखापत होऊन घरी पाठवलेले कॅडेट, कमिशन मिळालेले नसल्याने, माजी सैनिक धरले जात नाहीत. त्यांच्या हालांची सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये स्वतःहून दखल घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस संरक्षण मंत्रालयाने त्यांना माजी सैनिकांच्या ईसीएचएस या उपचार योजनेत घेतले आणि एकदाच भरायचे शुल्कही माफ केले. असे कोणी तुमच्या ओळखीत असेल तर त्याच्यापर्यंत ही माहिती पोहोचवा.

शेवटी आईवडिलांना. पोरगी किंवा पोरगा लंगडत घरी आला तर 'फौजेत जायचे तर एवढे सोसलेच पाहिजे' असे म्हणू नका. बोट ठेवून कुठे दुखते ते दाखवायला सांगा. एकाच जागी दुखत असेल, तर उद्याची दौड राहू द्या आणि दवाखाना गाठा.