बेटावर सहलीला निघताय? आधी पाणी सांभाळा!



गाळप हंगाम संपून उसाचे बिल हाती आले, की आपल्यापैकी कोणी ना कोणी जोडीने अंदमानला निघतो. सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी पाहावी, समुद्र डोळे भरून पाहावा, ही इच्छा योग्यच आहे. मात्र बेटावर प्रकृती सांभाळायची म्हणजे मुख्यतः पाणी सांभाळायचे, एवढे ध्यानात ठेवा.

साचलेले पाणी : पहिले बेट वाटेतच लागते. मुंबईत देवनारला मुलाकडे मुक्काम करून पुढे जायचे असेल, तर देवनारही साष्टी बेटावरच आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पुराचे पाणी ओसरल्यावर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदीर-घुशी आणि गुरांच्या मुतातले जंतू पाण्यात, चिखलात मिसळतात व पायाच्या जखमेतून, भेगांतून अंगात शिरतात. ऊसवाल्याला हा रोग परका नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये फडातल्या उंदरांमुळे ऊसतोड कामगारांना हाच ताप येई. तोडणीआधी फड जाळून द्यावा, या मागणीसाठी त्यांनी १९३५ साली संप केला होता.

अंदमानातही हा रोग आहे आणि मे महिन्यापासून तिकडे पाऊस लागतो. तेव्हा चिखलात अनवाणी फिरू नका. साचलेल्या पाण्यातून चालावे लागलेच, तर पाय साबणाने धुवा आणि १ ते ३ दिवसांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक औषध घ्या.

पिण्याचे पाणी : उकळलेले किंवा सीलबंद पाणीच प्या. शहाळे उत्तम, पण डोळ्यांदेखत फोडलेले. तिथली हवा दमट, घाम वाळत नाही. तहान लागायची वाट पाहू नका. जुलाब झाले तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्या. साखरेच्या जोडीने आतडे मीठ शोषून घेते आणि त्यामागून पाणी अंगात जाते. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साखर-मिठाच्या पाण्याने असंख्य जीव वाचवले. आपण पिकवतो त्या उसाच्या साखरेचा हाही एक गुण! मधुमेह असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारून ठेवावे.

समुद्राचे पाणी : विहिरीत पोहणारा समुद्रात टिकेलच असे नाही. ओढ आत नेऊ लागली, तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नका, दमछाक होते. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ सुटली की मग बाहेर या. अंदमानच्या खाड्यांत मगरी आहेत. हॅवलॉक, म्हणजे आजचे स्वराज द्वीप, तिथे २०१० साली एक परदेशी पर्यटक मगरीच्या हल्ल्यात दगावली. मनाईची पाटी दिसली की मागे फिरा. प्रवाळाने पाय कापला तर जखम लगेच स्वच्छ धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा.

औषधे : रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चार दिवसांच्या जादा न्या. समुद्र खवळला की बोटी बंद पडतात. इन्सुलिन विमानात हातातल्या पिशवीतच ठेवा. मोठे सरकारी रुग्णालय, जी. बी. पंत, हे श्रीविजयपुरमला (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) आहे. लहान बेटांवर तशी सोय नाही. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. डेंग्यूचा डास मात्र दिवसाही चावतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. घरी परतल्यावर महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल किंवा पिवळे झाले, लघवी कमी झाली, तर "प्रवासाचा शीण आहे, होईल बरं" म्हणून अंगावर काढू नका. मनानेच अंगदुखीच्या गोळ्या घेऊ नका. डेंग्यू असेल तर त्यातल्या काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. लेप्टोस्पायरोसिसला लवकर औषध मिळाले तर माणूस बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणून दवाखान्यात पाऊल टाकताच आधी सांगा : "डॉक्टर, मी बेटावर जाऊन आलोय, पाण्यातून चाललोय." एवढ्या एका वाक्याने निदान लवकर होऊ शकते.

सहल सुखाची होवो!