चाकांचे स्टँड (सुतारकाम)

चाकांचे स्टँड ही सुतारकामातील जड यंत्रे ठराविक उंचीवर धरून ठेवणारी आणि गरजेनुसार एका जागेवरून दुसऱ्या जागी ढकलत नेता येणारी लोखंडी किंवा लाकडी बैठक होय. लाकडाची जाडी एकसारखी करणारा थिकनेस प्लेनर, टेबल सॉ, मायटर सॉ, बँड सॉ आणि मेजावरचे ड्रिल यांसाठी ती प्रामुख्याने वापरली जाते. या यंत्रांना स्वतःचे पाय नसतात. ती मेजावर ठेवण्याजोगी बनवलेली असतात. त्यांपैकी अनेकांचे वजन २० ते ४५ किलोच्या दरम्यान असल्याने एकट्या माणसाला ती वारंवार उचलणे कठीण जाते. लहान कारखान्यात ती एकाच जागी कायम मांडून ठेवणेही परवडत नाही.

अशा स्टँडकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. हलवताना ते सहज सरकले पाहिजे आणि काम चालू असताना जागचे हलता कामा नये. दिवसातील बहुतेक वेळ स्टँड एका जागी उभे असते आणि फिरते पाते त्याच वेळी चालू असते. त्यामुळे निवड करताना चाकांच्या सोयीपेक्षा उभे राहण्याच्या स्थैर्याला अग्रक्रम दिला जातो.

खानदेशातील पार्श्वभूमी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे मिळून आजचा खानदेश ओळखला जातो. सातपुड्याच्या शुष्क पानझडी वनांत साग हा प्रमुख वृक्ष आहे. धाब्याच्या घरांचे खांब व तुळया, दारे-चौकटी, बैलगाड्या आणि वखर-पाभरीसारखी शेतीची अवजारे ही येथील सुतारांची पारंपरिक कामे होत. जुना सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून धरीत करवत, रंधा, पटाशी आणि वाकस चालवी. विजेच्या यंत्रांमुळे कामाची पातळी जमिनीवरून कमरेपर्यंत आली. तरीही लहान यंत्र जमिनीवर ठेवून उकिडवे बसून काम करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आढळते. या बैठकीत चेहरा व हात पात्याजवळ येतात आणि लाकूड उसळल्यास मागे सरकायला अवकाश राहत नाही.

चाकांच्या स्टँडची गरज दोन प्रकारच्या कामांत भासते. एक म्हणजे दुकानवजा लहान कारखाना, जेथे यंत्र सकाळी ओट्यावर किंवा अंगणात आणले जाते व रात्री आत घेतले जाते. दुसरे म्हणजे साइटवरचे काम, ज्यात कपाटे, पलंग, ओट्याखालची कपाटे ग्राहकाच्या घरीच तयार केली जातात. पहिल्यासाठी जड व रुंद, तर दुसऱ्यासाठी हलके व घडीचे स्टँड सोयीचे ठरते.

प्रकार

घडीचे स्टँड: नळ्यांच्या सांगाड्याला एका बाजूस दोन चाके असतात. उभे करताना पाय जमिनीवर टेकतात आणि चाके भारमुक्त होतात. टेबल सॉ व मायटर सॉ यांसाठी ते योग्य असते. उंच, जड प्लेनरसाठी त्याचा पाया अनेकदा अपुरा पडतो.

चार चाकांचे कपाट: लाकडी किंवा प्लायवूडच्या कपाटावर यंत्र बोल्टने बसवले जाते. खालच्या कप्प्यात पाती, क्लॅम्प इत्यादी ठेवल्याने वजन तळाशी येते व स्थैर्य वाढते.

उचलता येणारा पाया: पायाने दाबायच्या दांड्यामुळे चाके खाली येतात. दांडा सोडल्यावर सर्व भार पुन्हा स्थिर पायांवर जातो. जड यंत्र एकाच खोलीत थोडेसे सरकवायचे असल्यास हा प्रकार सर्वांत भरवशाचा असतो.

पलटी माथ्याचे स्टँड: आडव्या आसाभोवती फिरणाऱ्या फळीच्या दोन्ही बाजूंस दोन यंत्रे बसवलेली असतात. त्यामुळे जागा वाचते. मात्र दोन्ही यंत्रांचे वजन जवळपास सारखे नसल्यास फळी अचानक फिरून हात चेंगरण्याचा धोका असतो. फळी दोन्ही टोकांना खिटीने अडकवणे आणि पलटण्यापूर्वी दोन्ही यंत्रांचे प्लग काढणे आवश्यक असते.

स्थानिक वेल्डिंगचे स्टँड: जळगाव व धुळे येथील फॅब्रिकेशन दुकानांत यंत्राच्या मापानुसार लोखंडी अँगलचे स्टँड बनवून घेता येते. ४० × ४० × ५ मिलिमीटर मापाचा अँगल मीटरला सुमारे ३ किलो भरतो. सात मीटर अँगल लागलेला सांगाडा त्यामुळे सुमारे २१ किलोचा होतो. कारखान्यात हे वजन दोष नसून गुण ठरते.

उंची

स्टँडची उंची यंत्राच्या तळावरून न ठरवता कामाच्या पातळीवरून ठरवली जाते. टेबल सॉ वापरताना लाकूड कमरेच्या आसपास, साधारण ८५ ते ९० सेंटिमीटरवर असावे लागते. समजा ही पातळी ८६ सेंटिमीटर हवी आहे आणि यंत्राचा माथा त्याच्या तळापासून ३३ सेंटिमीटर उंच आहे, तर चाकांसह स्टँड ५३ सेंटिमीटरचे हवे. १०० मिलिमीटर व्यासाच्या कॅस्टर चाकाची बैठकीसह उंची सुमारे १३ सेंटिमीटर धरल्यास सांगाड्यासाठी ४० सेंटिमीटर उरतात. चाकांची उंची हिशेबात न धरणे हे स्टँड जास्त उंच होण्याचे नेहमीचे कारण आहे.

भार आणि चाके

चार चाकांवर भार समान वाटला जातो हे गृहीतक केवळ पूर्ण सपाट जमिनीवर खरे ठरते. खडबडीत जमिनीवर एक चाक अधांतरी राहून भार तिघांवरच येऊ शकतो. म्हणून एकूण वजनाला चारऐवजी तीनने भागण्याची रीत आहे. ४२ किलोचा प्लेनर, २१ किलोचे स्टँड आणि १२ किलोची फळी मिळून ७५ किलो होतात, म्हणजे प्रत्येक चाकावर २५ किलो. धक्क्यांसाठी दुप्पट क्षमता धरल्यास ५० किलो क्षमतेची चाके घेणे इष्ट ठरते.

नायलॉनची चाके कठीण व हलकी सरकणारी असतात, पण आवाज करतात आणि फरशीवर घसरतात. रबराची चाके पकड देतात, परंतु एकाच जागी दीर्घकाळ भाराखाली राहिल्यास चपटी होतात. पॉलियुरेथेनची चाके या दोहोंच्या मधली असल्याने जड यंत्रांसाठी अधिक पसंत केली जातात. ब्रेक केवळ चाक अडवणारा नसावा. चाक आणि त्याची फिरकी दोन्ही एकाच वेळी बांधली गेली नाहीत, तर ब्रेक लावूनही स्टँड डुलत राहते.

जमिनीचा प्रश्न

तापी खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पुरेसा मुरूम न भरता घातलेल्या फरश्या त्यामुळे खचतात किंवा उचलल्या जातात. शहाबादी फरशीच्या सांध्यांत आणि ओट्याच्या कडेला लहान चाके अडकतात. येथे चाकाचा व्यास निर्णायक ठरतो. ५ मिलिमीटरचा उंचवटा ओलांडताना ५० मिलिमीटर व्यासाच्या चाकाला त्याच्यावरील भाराच्या सुमारे ७५ टक्के इतका आडवा जोर लागतो. १०० मिलिमीटरच्या चाकाला सुमारे ४८ टक्के, तर १२५ मिलिमीटरच्या चाकाला सुमारे ४३ टक्के जोर पुरतो. लहान चाक अडल्यावर वरून दिलेला धक्का स्टँड पुढे नेण्याऐवजी उलथवतो. म्हणून स्टँड यंत्राच्या माथ्याला धरून न ढकलता सांगाड्याला खालून धरून ढकलले जाते.

असमान जमिनीवर डुगडुगणाऱ्या पायाखाली पाचर देता येते. कायम वापरासाठी मात्र आट्यांनी वर-खाली होणारे पाय अधिक सोयीचे असतात.

उलटण्याचा धोका

यंत्र व स्टँड मिळून ६० किलो वजन असेल आणि ते पायाच्या मध्यावर असेल, तर ५० सेंटिमीटर रुंद पायाचे स्टँड ९० सेंटिमीटर उंचीवर सुमारे १७ किलो वजनाइतका आडवा जोर दिल्यास उलटू लागते. पाया ७० सेंटिमीटर केल्यास हाच आकडा सुमारे २३ होतो. फिरती चाके आतल्या बाजूस वळलेली असली, तर प्रत्यक्ष पाया मोजमापापेक्षा अरुंद होतो.

लांब लाकडाचा भारही यात मोजावा लागतो. ८ फूट लांब, ३० सेंटिमीटर रुंद व २.५ सेंटिमीटर जाड सागवानी फळी सुमारे १२ किलोची असते. आठ बाय चार फुटांचा १८ मिलिमीटर जाडीचा प्लाय ३० किलोहून अधिक भरू शकतो. यंत्राबाहेर लोंबणारे टोक स्टँडला झुकवते. प्लेनरमध्ये त्यामुळे फळीचे दुसरे टोक पात्याकडे उचलले जाते व तेथे जास्तीचा छिलका निघून खाच पडते. पुढे आणि मागे त्याच उंचीचे आधार-रोलर ठेवल्यास दोन्ही दोष टळतात. चाकांच्या स्टँडबरोबर रोलरची उंचीही जुळवून घ्यावी लागते.

वीज आणि देखभाल

१,६५० वॉटचा प्लेनर २३० व्होल्टवर सुमारे ७ अँपिअर प्रवाह घेतो आणि सुरू होताना काही क्षण त्याहून अधिक. त्यामुळे १६ अँपिअरचा सॉकेट व पुरेशा जाडीची वायर आवश्यक असते. स्टँड हलवताना वायर चाकाखाली आल्यास तिचे वेष्टन फाटते. यासाठी सांगाड्यावरच वायर गुंडाळण्याचा हूक लावला जातो.

जळगाव-भुसावळ परिसरात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि त्यानंतर लगेच दमट पावसाळा येतो. एमडीएफचा माथा ओलाव्याने फुगतो. त्यामुळे सीलबंद कडांचा प्लायवूड किंवा लोखंडी पत्रा अधिक टिकतो. लोखंडावर रेड ऑक्साइडचा हात देऊन रंग लावला जातो. यंत्राच्या कंपनांमुळे नट सैल होतात, म्हणून स्प्रिंग वॉशर किंवा नायलॉनचे कडे असलेले नट वापरतात. चाकांच्या फिरकीत साचणारा भुसा वेळोवेळी काढला नाही तर ब्रेक पूर्ण बसत नाही. ब्रेक लावलेल्या स्टँडला यंत्र सुरू करण्यापूर्वी हाताने हलवून पाहणे ही त्याची सर्वांत सोपी चाचणी आहे.