रोग्याची खतावणी

आमच्या पेढ्यांवर एक जुना दंडक आहे. एका गिऱ्हाइकाची बाकी दुसऱ्याच्या देखत वाचावयाची नाही. खतावणीचे पान ज्याचे त्यालाच दाखवावयाचे. रोग्याच्या कागदांस हा दंडक आपण कितपत लावतो, हे पाहणे अवश्य झाले आहे.

पूर्वी वैद्याची वही कुलपात राहिली की गुप्तता राहिली. आता तीच नोंद रुग्णालयाच्या संगणकात, प्रयोगशाळेत, विमा कंपनीत आणि रोग्याच्या मोबाईलवर एकाच वेळी असते. २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या पाच सर्व्हरांवर हल्ला होऊन सुमारे १.३ टेराबाइट माहिती जागीच कुलूपबंद झाली व कित्येक दिवस सर्व नोंदणी हाताने करावी लागली. एवढ्या मोठ्या संस्थेची ही कथा, मग गल्लीतील दवाखान्याची काय?

सरकारी 'आभा' क्रमांक १४ आकडी असून तो ऐच्छिक आहे. त्यात कागद जेथे तयार झाले तेथेच राहतात. रोग्याने संमती दिली तरच, आणि दिलेल्या मुदतीपुरतेच, ते दुसऱ्यास दिसतात. योजना विचारपूर्वक आखलेली आहे. मात्र खिडकीवर ओटीपी मागताच तो कशासाठी, हे न विचारता सांगून टाकणारे आपणच! २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या हयगयीस २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. प्रमुख कर्तव्ये तेथून अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. संगणकावर रोग्यांची यादी ठेवणाऱ्या धर्मार्थ दवाखान्यांनी व औषधविक्रेत्या सभासदांनी हे ध्यानी घ्यावे.

परंतु कायद्याच्या आधी आमचीच चूक सांगितली पाहिजे. एका मुलीच्या उपचारासाठी आम्ही तिचा संपूर्ण अहवाल, नावासह, समाजाच्या व्हॉट्सॲप गटावर घातला. दोन दिवसांत रक्कम जमली; आम्हांस धन्यता वाटली. पुढे ती बरी झाली, तिच्या विवाहाची बोलणी निघाली, आणि तोच अहवाल वरपक्षाच्या मोबाईलवरून तिच्या वडिलांपुढे ठेवण्यात आला. तिने कोणास दोष दिला नाही. तिच्या वडिलांनी आमच्याकडे येणे मात्र सोडले.

तेव्हापासून अर्जदाराचे नाव मदतसमितीतील दोघांनाच ठाऊक असते. गटावर केवळ रक्कम कळवितो, आणि धनादेश परस्पर रुग्णालयाच्या नावे जातो. तो जुना अहवाल ज्यांच्या मोबाईलवर अद्याप असेल, त्यांनी कृपा करून आजच पुसून टाकावा.