गोलाचा जन्म कुठे होतो?

आमच्या गावी फ्रीगंज भागातल्या टॉवर चौकात उभं राहून फुटबॉलचा विषय काढा. दुसऱ्या मिनिटाला गाडी क्रिकेटवर येते. त्यामुळे एफसी गोवा या फुटबॉल क्लबचं कोडं मी घरी टीव्हीसमोर एकट्यानंच सोडवत आलो आहे. त्याची गंमत अजून ओसरलेली नाही.

2016 ची इंडियन सुपर लीग. कोच झिको, ब्राझीलचा दिग्गज. संघ आदल्याच वर्षी अंतिम सामना खेळलेला. तरी आठ संघांत आठवा! 14 सामन्यांत 15 गोल, त्यातले पाच एकट्या शेवटच्या सामन्यात, चेन्नईयिनवरच्या 5-4 अशा पिसाट विजयात. म्हणजे आधीच्या 13 सामन्यांत मिळून दहा. आणि पुढच्या हंगामात याच क्लबनं 18 सामन्यांत 42 गोल ठोकले.

स्पेनचे सर्जिओ लोबेरा कोच म्हणून आले आणि संघ जवळजवळ पायापासून नवा उभा राहिला. 2017 च्या ड्राफ्टआधी भारतीयांपैकी मंदार राव देसाई आणि गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमनी एवढे दोघेच राखले होते. आघाडीला आला फेरान कोरोमिनास, सगळ्यांचा कोरो. वय 34, सायप्रसच्या लीगमधून आलेला. नुसती यादी वाचणाऱ्यानं कपाळाला हात लावला असता. त्या कोरोनं 18 गोल केले. बंगळुरूविरुद्ध हॅटट्रिक, आणि लगेच पुढच्या सामन्यात केरळा ब्लास्टर्सविरुद्ध सात मिनिटांत दुसरी! सोबतीच्या लान्झारोतेचे 13 गोल वेगळेच.

इथवरची गोष्ट सरळ आहे: चांगले आघाडीवीर आणले, गोल झाले. पण कोरोचा एखादा गोल पुन्हा पाहा आणि रिप्ले वीसेक सेकंद मागे न्या. बॉल बहुतेक वेळा अहमद जाहूच्या पायाशी सापडेल. मोरोक्कोचा हा खेळाडू मधल्या फळीतून खाली, थेट आपल्या बचावपटूंच्या रांगेत येऊन उभा राहायचा. काही घाई नाही. प्रतिस्पर्ध्याला वाटे, हा आता सापडला, आणि तो धावून येई. तो पुढे आला की त्याच्या पाठीमागची जागा मोकळी, आणि जाहूचा पास नेमका तिथे. कबड्डीत चढाईवाला बोनसला पाय टाकून कोपऱ्याला पुढे ओढतो ना, तसलंच हे आमिष. वरच्या टोकाला कोरोचीही तीच चाल. तो मध्येच खाली सरके. त्याच्यामागे जावं तर पाठ उघडी, न जावं तर हा मोकळा. बिचाऱ्या बचावपटूनं करावं काय?

मला सगळ्यात चकित करतो तो एक आकडा. झिकोंच्या त्या हंगामात गोव्यानं 14 सामन्यांत 25 गोल खाल्ले होते. लोबेरांच्या पहिल्या वर्षी 18 सामन्यांत 28. सरासरी 1.8 वरून जेमतेम 1.6. घराला गळती तशीच, पण अंगणात दिवाळी! संघ तिसरा आला तो निव्वळ गोलांच्या जोरावर.

गळती पुढच्या वर्षी बुजली. उंचापुरा मुर्तदा फॉल बचावात आला. तो कॉर्नरला पुढे जाऊन डोक्यानं गोलही करी. डाव्या बगलेवर पळणाऱ्या मंदारला लोबेरांनी मागे, डाव्या बचावात खेळवलं. माणूस तोच, पण आता धावायला समोर अख्खं मैदान. खाल्लेले गोल 20 वर आले. 2019-20 मध्ये ब्रँडन फर्नांडिस, ह्यूगो बूमूस, कोरो या मंडळींनी साखळीत 46 गोल केले. गोवा पहिला आला आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात जागा मिळवणारा पहिला भारतीय क्लब ठरला. लोबेरांना मात्र क्लबनं साखळी संपायच्या आधीच, जानेवारीअखेर निरोप दिला होता. हे गणित मला आजही सुटलेलं नाही.

मुंबई सिटीनं ते आपल्यापुरतं सोडवलं. लोबेरांना घेतलं, आणि त्यांच्यापाठोपाठ जाहू, बूमूस, फॉल, मंदार असा अर्धा कारखानाच उचलून नेला. 13 मार्च 2021 रोजी अंतिम सामन्यात बिपिन सिंगनं अगदी शेवटी गोल केला, मोहन बागान 2-1 नं हरलं आणि मुंबईनं पहिल्यांदा करंडक उचलला. मैदान होतं गोव्याचंच, फातोर्डा.