केसपेपरवर काय लिहायचं?

नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलच्या पाड्यांवर कुणी रात्र-रात्र बडबडू लागलं, अन्नाला शिवेना, की आधी भगताला दाखवायचं. ‘बाहेरचं’ नाही म्हटल्यावर मग त्र्यंबक, नाशिक. ही वाट जुनी आहे. कायदा तिच्यापर्यंत पोचला फार उशिरा.

1912च्या ल्युनसी कायद्याला माणूस बरा करण्यापेक्षा त्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडण्याच्या हुकमाची चिंता जास्त. त्याच्या जागी 1987चा मानसिक आरोग्य कायदा आला, तोही अमलात यायला 1993 उजाडलं. दरम्यान 1992च्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या कायद्याने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला नोंदणी सक्तीची केली. नोंदणीविना व्यवसाय केला तर वर्षभरापर्यंत कैद, नाहीतर हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शहरात एका बैठकीलाच लोक तेवढे मोजतात!

2001मध्ये तमिळनाडूत एरवाडीला साखळदंडात बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत गेले. 2013मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा झाला. भगताकडे जायला त्याची आडकाठी नाही. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं हा मात्र गुन्हा. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही साखळी बंद केली आणि कलम 23ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला.

हरसूलसारख्या ठिकाणी खरी पंचाईत होते ती या कलमाची. नाशिकहून आलेल्या मानसशास्त्रज्ञ मॅडमची मराठी पुस्तकी, समोरची आजी कोकणा आदिवासींची बोली बोलणारी. मध्ये दुभाषी म्हणून आशा कार्यकर्ती, म्हणजे आशाताई. ती नेमकी आजीच्या सुनेची चुलत जाऊ निघते. आजीने सांगितलेलं संध्याकाळी पाण्यावर पोचणार नाही, याची हमी कोण देणार? आशाताई मनाने वाईट असते असं नाही, पण पाड्यात आडपडदाच कमी. कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बंद दाराची खोली होती, असं मला नेहमी वाटतं.

त्याहून अवघड प्रसंग सतरा वर्षांच्या पोरीचा. जमातीच्या रिवाजाने लग्न लागलेलं, पोटात मूल, झोप उडालेली. ती मन मोकळं करायला बसते. पण 2012च्या पोक्सो कायद्याचं कलम 19 सांगतं, अठराखालच्या मुलीशी संबंध आल्याचं समजलं तर पोलिसांना कळवा. न कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नवरा तुरुंगात गेला तर तिला घर कुठलं? सप्टेंबर 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थोडी वाट काढली: अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर गर्भपात करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरने पोलिसांना तिचं नाव द्यायची गरज नाही. पण या पोरीला मूल हवंय. आणि समोर बसलेली मानसशास्त्रज्ञ गर्भपात करणारी डॉक्टर नाही.

मग केसपेपरवर वय लिहिताना पेन अडतं. काही जण अंदाजे अठरा टाकून मोकळे होतात. मला ते पटत नाही. पुढे बाळंतपणात गुंतागुंत झाली तर त्याच खोट्या अठरावर उपचार ठरतात. त्यापेक्षा पोरीने तोंड उघडण्याआधीच, तिला कळेल अशा बोलीत सांगावं, की अमुक एवढं माझ्यापाशी राहील आणि अमुक मला कळवावंच लागेल. ती तेवढं ऐकून उठून जाईलही. तरी हे आधीच सांगायला हवं.