अपंगत्व, नोकरी आणि कागदांची आडकाठी

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे मुलगे व भाऊ सरकारी अगर निमसरकारी नोकरींत आहेत, व सुगीच्या दिवसांत रजा काढून ते घरीं येतात. अशाच रजेंत मळणी यंत्रांत उजवा हात गमावलेला एक तरुण कारकून गेल्या सालीं आम्हांकडे आला. "अपघात घरच्या कामांत झाला, कचेरीशीं त्याचा संबंध काय? राजीनामा द्या," असें त्यास वरिष्ठांनीं सुनावलें होतें. सुदैवानें त्यानें सही केली नव्हती.

दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियम, २०१६ हा ता. १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आहे. नोकरींत असतां ज्यास अपंगत्व आलें, त्यास सरकारी आस्थापनेनें काढूं नये. पूर्वीचें काम जमत नसल्यास त्याच पगारावर दुसरें द्यावें, असें कलम २० सांगतें. 'नोकरींत असतां' एवढेंच शब्द आहेत. 'नोकरीमुळें' असें कायदा म्हणत नाहीं.

मग घोडें अडतें कोठें? प्रथम दाखल्यांत. राखीव जागेसाठीं ४० टक्के अपंगत्व लागतें. भेदभावाच्या तक्रारीस ती अट नाहीं. परंतु कचेऱ्यांतून या दोहोंची गल्लत करून अर्ज परत करितात. दाखला चुकीचा वाटल्यास त्यावर अपील आहे, हेंही थोड्यांस ठाऊक असतें. दुसरी अडचण आस्थापनेची. कलम २० खाजगी मालकास लागत नाहीं, सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेस लागतें. सबब प्रतिपक्षाचा वकील पहिला वाद येथेंच घालतो.

तक्रार प्रथम आस्थापनेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे द्यावयाची. त्यानें दोन आठवड्यांत चौकशी करावी, समाधान न झाल्यास जिल्हा समितीकडे जावें. महसूल खात्यांत तीस वर्षें घालविल्यावर आम्हांस एवढें कळतें कीं, तोंडी गाऱ्हाण्याची नोंद बारनिशींत होत नाहीं. म्हणून अर्जाच्या नकलेवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याविना टेबल सोडूं नये.

पुण्यास राज्य आयुक्त आहेत. साक्षीदार व कागद मागविण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांस आहेत. पण शेवटीं ते करितात ती शिफारस. ती मान्य नसल्यास कचेरीनें तीन महिन्यांत कारणें कळवावीं, एवढेंच बंधन. मग उच्च न्यायालयाची पायरी व वकिलाचा खर्च.

कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यांत पाय गमावलेल्या शिपायास १९९८ सालीं अपात्र ठरवून घरीं बसविलें होतें. वैद्यकीय मतानुसार तो नोकरीस कायमचा अपात्र आहे, ही सरकारची सबब उच्च न्यायालयांत चालली. सर्वोच्च न्यायालयानें ती २००३ सालीं फेटाळली. तो १९९५ च्या जुन्या कायद्याखालील खटला, पण तत्त्व तेंच. हक्क स्पष्ट असूनही चार वर्षांवर काळ गेला.

आमच्या तरुणाच्या अर्जास कचेरीनें उत्तर दिलें नाहीं. आयुक्तांपुढील त्याची तारीख दोनदां पुढें गेली आहे, पगार बंद आहे. राजीनाम्याचा कोरा नमुना मात्र त्यास टपालानें पुन्हां आला. तो आम्हीं त्याच्याच फायलीस लावून ठेवविला आहे.